वाशीमला आलेला समुद्र

इतिहासाच्या मास्तराला स्वयंपाकघरात कोणी सहसा बोलावीत नाही, आणि बोलावू नये हेच बरे. पण 1997 च्या डिसेंबरात माझ्यावर तो प्रसंग आला. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या भागांतली दीडशेच्या आसपास तरुण मुलेमुली तीन बसगाड्यांतून महाराष्ट्र पाहायला निघाली होती. त्यांचा एक मुक्काम वाशीमला पडणार होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जिल्हा व्हायला अजून सहा-सात महिन्यांचा अवकाश होता, आणि एवढी माणसे एका रात्री एका पंगतीला बसवायची म्हणजे लग्नाचाच घाट. गावात एक स्वागत समिती झाली आणि मी शाळेत इतिहास शिकवतो एवढ्या पुण्याईवर तिचे चिटणीसपद माझ्या गळ्यात पडले.

यात्रेच्या संयोजकांनी एक मोठी मौजेची कल्पना काढली होती. ज्या गावी जावे तिथले जेवण तर कोणीही घालील. महाराष्ट्राच्या एका टोकाचे जेवण दुसऱ्या टोकाला जेवावे, म्हणजे मुलांना नकाशा पोटातून कळेल. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नाशी नाते सांगणारीच ही कल्पना, फक्त भाषेऐवजी जिभेकडून आलेली. तेव्हा रत्नागिरीला त्यांनी झुणका, भाकरी आणि ठेचा असे वऱ्हाडी जेवण योजले होते, आणि वाशीमच्या वाट्याला आले कोकण! पत्रात स्वच्छ लिहिले होते : ‘सागरी जेवण. मासे अवश्य. एकूण माणसे 148, पैकी शाकाहारी 51.’

पत्र समितीपुढे वाचले तेव्हा क्षणभर कोणी बोललेच नाही. वाशीम हे बालाजीचे गाव. भवानी काळूंनी अठराव्या शतकात बांधलेले ते देऊळ गावाच्या मध्यावर उभे आहे आणि गावाची चालरीत बरीचशी त्या देवळाकडे पाहून ठरते. त्यातून मुंबईचा समुद्र इथून साडेपाचशे किलोमीटरांवर. एक सभासद म्हणाले, “मास्तर, आपल्याकडे पाण्याचे टँकर वेळेवर येत नाहीत, तुम्ही समुद्र कुठून आणणार?”

मी घरी आलो आणि काकूंना ते पत्र दाखवले.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची पत्नी. काका टपालखात्यात होते. नोकरीने त्यांना वेंगुर्ल्याला नेले आणि 1958 साली ते परत आले ते काकूंना घेऊनच. चाळीस वर्षे त्या वाशीमला राहिल्या, पुरणाची पोळी आमच्या आजीपेक्षा पातळ लाटू लागल्या, पण रागावल्या की मालवणी बोलत. दर वर्षी त्यांच्या भावाकडून एक पार्सल येई : आमसुले, तिरफळे, काळे वाटाणे आणि तळाशी वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळलेले सुके बोंबील नि सोडे. तेवढी घडी त्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवीत. शेजारी वासाची तक्रार करीत म्हणून भर दुपारी, आळी झोपलेली असताना, परसातले दार लावून त्या एखाददुसरा बोंबील निखाऱ्यावर भाजून घेत. लहानपणी मला वाटे, काकू तिथे काही मंत्रतंत्र करतात.

काकूंनी पत्र दोनदा वाचले. चष्मा काढला आणि म्हणाल्या, “तारीख बघितलीस? मार्गशीर्षातला गुरुवार आसा तो. त्या दिवशी मी चुलीवर मासो चढवूचंय नाय.” म्हणजे स्वयंपाक त्या करणार हे ठरल्यासारखेच होते! मी संयोजकांना तार केली. त्यांनी पुढच्या-मागच्या मुक्कामांची अदलाबदल करून वाशीमला शुक्रवार दिला. त्या दिवसापासून मला झोप लागेना, आणि झोप न लागणारा इतिहासाचा मास्तर दुसरे काय करणार? मी पुस्तके काढून बसलो. या गावात समुद्र पूर्वी कधी आला होता का, हे मला पाहायचे होते.

आला होता, आणि चांगला राजमार्गाने आला होता. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते याच वत्सगुल्मात. लग्नाचे जेवण काय होते, हे मात्र तो सांगत नाही. इथला शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले, आणि तिथल्या लेखात हरिषेणाच्या संदर्भात ज्या देशांची नावे येतात त्यांत एकीकडे लाट नि त्रिकूट आहेत, तर दुसरीकडे कलिंग आणि आंध्र. हे देश त्याने जिंकले होते की त्यांच्याशी दुसरे काही नाते होते, यावर विद्वानांचा वाद आहे. तो त्यांनी खुशाल घालावा. माझ्यापुरते एवढे पुरे होते, की पाचव्या शतकात वाशीमच्या राजवाड्यात बसून माणसे पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही समुद्रांचा विचार करीत होती.

त्याहून मला भुलविले ते एका ताम्रपटाने. 1939 साली वाशीमलाच दुसऱ्या विंध्यशक्तीचा एक ताम्रपट सापडला. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी, वत्सगुल्माहून दिलेला. नांदेडच्या बाजूचे एक गाव ब्राह्मणांना दान दिले, आणि त्या गावाला कोणकोणत्या राजहक्कांतून सूट दिली याची यादी त्यात आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत अशा याद्या नेहमी येतात आणि त्यांत मिठाचा उल्लेख हटकून असतो. मीठ ही राजाची मिरास. ती सोडली तर तसे लिहून द्यावे लागे. समुद्रापासून इतक्या दूरच्या राज्यात मिठाची ही मिजास! जिथे मीठ पिकत नाही तिथेच त्याचे मोल कळते, हे खरे.

मग ते मीठ येत असे कसे? बैलाच्या पाठीवर. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात हिंडत होता. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत भेटत आणि ते निघून जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे त्याने लिहून ठेवले आहे. या लमाणांचे चार वर्ग तो सांगतो : एक धान्य वाही, एक तांदूळ, एक डाळी, आणि चौथा फक्त मीठ. आज बंजारा समाजाची काशी म्हणतात ते पोहरादेवी, सेवालाल महाराजांच्या समाधीचे स्थान, आमच्याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात आहे. तिथल्या यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून माणसे लोटतात. 1867 साली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि बैलांच्या पाठीवरचे ते ओझे हळूहळू उतरले. ओझे उतरले, तसा धंदाही गेला. तांड्यांनी मग शेती धरली, मजुरी धरली. समुद्राचे मीठ ज्यांनी शतकानुशतके या पठारावर आणले त्यांच्या लेकरांनी पुढे समुद्र पाहिला तो बहुधा मुंबईला बांधकामावर गेल्यावरच.

खारे पाणी वऱ्हाडात अगदीच नाही असे नव्हे. वाशीमहून रिसोडमार्गे गेले तर दीड-दोन तासांत लोणार लागते. उल्केने पाडलेले ते विवर आणि त्यातले खारे सरोवर. तिथला खार साबण आणि काच करायला वापरतात याची नोंद अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. पण ते पाणी इतके तीव्र अल्कली की त्यात मासा जगत नाही. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. 1930 साली दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून लोकांनी मीठ काढून कायदा मोडला होता. आणि त्याच वर्षी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला, कारण दांडीला होता तसा समुद्र आमच्याकडे नव्हता! समुद्र नसण्याचे दुःख वऱ्हाडाने असे निरनिराळ्या रीतींनी गिळले आहे.

हे सारे मी काकूंना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “बरा. आता नारळ किती लागतील ता सांग.”

तेव्हा हिशेबाकडे वळतो. तांदूळ माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे बावीस-तेवीस किलो. काकूंनी पंचवीस लिहायला लावले, कारण तरुण मुले आणि मासळीचे कालवण एकत्र आले की भाताचा हिशेब चुकतो. नारळ साठ. त्यांतले निम्मे सोलकढीला, कारण सोलकढी सर्वांनाच द्यायची होती. एक्कावन्न शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ. तिची चूल वेगळी, पातेली वेगळी, पळ्या वेगळ्या, आणि वाढणारी माणसेही वेगळी, अशी सक्त ताकीद काकूंचीच. “त्यांका आपलो वास येता कामा नये,” त्या म्हणाल्या. चाळीस वर्षे वासावरून बोलणी खाल्लेल्या बाईने हे म्हणावे, हे मला त्या वेळी जाणवले नाही. पुष्कळ पुढे जाणवले.

मासळीवर मात्र समितीत खडाजंगी झाली. काकूंचे म्हणणे सरळ होते. समुद्र इथवर येतो तो सुकूनच येतो, तेव्हा सोड्यांचा भात, बोंबलाचे कालवण आणि सुकटीची चटणी करावी. ताजे हवे असेल तर एकबुर्जी धरणातला मासा घ्यावा. पण सुकट हे नाव ऐकताच मंडळींची तोंडे वाकडी झाली. सुकट वाशीमच्या बाजारात मिळत नव्हती असे नाही. बाजाराच्या अगदी कडेला दोन-तीन बायका पोत्यांवर जवळा नि बोंबील मांडून बसत, आणि निंदणी-कापणीच्या मजूर बाया संध्याकाळी पदराच्या टोकाला पुडी बांधून नेत. भाकरीबरोबर मूठभर सुकट म्हणजे त्यांची चैन. ते अन्न पाहुण्यांना घालायचे? एक सभासद तर म्हणाले, “लोक काय म्हणतील? वाशीमने पोरांना गरिबीचे जेवण घातले!” अखेर ठरले, मुंबईहून वीस किलो सुरमई बर्फात घालून रात्रीच्या गाडीने अकोल्याला आणायची आणि तिथून टेम्पोने वाशीमला. मीही हात वर केला. सुरमईच्या तळलेल्या तुकड्यांचा मोह मलाही पडला होता, हे कबूल केलेले बरे.

काकू काही बोलल्या नाहीत. फक्त शेजारच्या भोई मामांना निरोप धाडला, की शुक्रवारी पहाटे जाळे टाकून ठेवा, लागले तर लागले.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता यायचा टेम्पो दुपारी एकला आला. खोक्यातून पाणी गळत होते. बर्फ मुळातच कमी घातला होता आणि वाटेत टेम्पोचे चाक पंक्चर झाले होते. डिसेंबर असला तरी वऱ्हाडातली दुपार ती. काकूंनी पदर खोचला, एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, अंगावर बोट दाबले. खळगा पडला तो वर आलाच नाही.

“डोळे बघ ह्येचे,” त्या म्हणाल्या. “ह्यो मासो माका नको.”

खोके मागवणाऱ्या गृहस्थांनी पुष्कळ रदबदली केली. धुऊन, हळद-मीठ लावून, कडकडीत तळले तर काय बिघडते? पैसे गेले ते गेले, वर गावाची फजिती! मी मध्ये उभा. संध्याकाळी सातला मुले येणार होती. आता जे ठाऊक आहे ते तेव्हा मला नीट ठाऊक नव्हते : सुरमई-बांगड्यासारखा मासा ऊब लागून राहिला की जंतूंमुळे त्यात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते एकदा झाले की तळण्या-उकळण्याने जात नाही. अंगावर चट्टे उठतात, उलट्या होतात. काकूंना हिस्टामीन ठाऊक नव्हते. त्यांना मासा ठाऊक होता. “ही लोकांची पोरां आसत, झिला,” त्या एवढेच म्हणाल्या. वीस किलो सुरमई गावाबाहेर खड्डा करून पुरली. त्या खड्ड्यावर माती ओढताना मला वाटले, की समुद्र वाशीमला आला खरा, पण पाहुणचार न घेताच गेला.

आणि मग चार तासांत जे झाले ते मी जन्मात विसरणार नाही. भोई मामांनी पस्तीस किलो मासा आणून अंगणात ओतला : रोहू, कटला आणि थोडा मृगळ. काकूंनी माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवला. वर्षभराची सगळी घडी त्यांनी उलगडली. एवढे पुरणार नाही म्हणून मी सायकल काढून बाजारात गेलो आणि पोत्यांवर बसणाऱ्या त्या बायकांकडचे होते तेवढे बोंबील नि जवळा उचलला. त्यांतली एक जण कशासाठी म्हणून विचारत होती. मी सांगितले, तेव्हा तिने पैसे मोजायचे थांबवून माझ्याकडे पाहिले, आणि “थांबा मास्तर, जवळ्यात रेती असते,” म्हणून चाळणी घेऊन माझ्यामागोमाग घरी आली. रात्री अकरापर्यंत ती गेली नाही.

आमच्या अंगणात, भर रस्त्याच्या बाजूला, संध्याकाळी पाच वाजता बोंबील भाजायला सुरुवात झाली. वास बालाजीच्या देवळापर्यंत गेला असावा. आळीतली माणसे दारात येऊन उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. एका घरातून तर परात आली, कापलेल्या कांद्यांनी भरलेली. नदीतल्या माशाला चिखलाचा वास असतो, तो काढायला काकूंनी तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून ठेवला. हीच युक्ती मला मागाहून कल्याणीच्या चालुक्य राजाच्या ग्रंथात दिसावी याची गंमत वाटते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्याचीही राजधानी समुद्रापासून दूर, पठारावर. पण त्याने माशांच्या जाती दिल्या आहेत, गळ टाकण्याची रीत दिली आहे, आणि मासे रांधताना चिंचेचे पाणी वापरायला सांगितले आहे. काकूंनी ‘मानसोल्लास’ वाचला नव्हता. सोमेश्वराला कोणा काकूंनीच ते सांगितले असणार.

मुले आठ वाजता आली. हातपाय धुऊन पंगतीला बसली. मी धसका घेतला होता तो काट्यांचा. रोहूच्या मांसात बारीक दुकाटे असतात, सवय नसलेल्याच्या घशात अडकायचे. म्हणून प्रत्येक ओळीपुढे एक माणूस उभा करून ‘हळू जेवा, भाताबरोबर गिळू नका’ असे सांगायला ठेवले होते. पण बंगालकडच्या आठ-दहा मुलांना ते सांगायची गरजच पडली नाही. त्यांतल्या एका मुलीने पहिला घास घेतला, थांबली, आणि हिंदीत म्हणाली, “हा तर आमचा रुई!” काकूंना वाटले, तिला आवडले नाही. मी घाईघाईने समजावू लागलो, की ताजा समुद्री मासा यायचा होता पण असे असे झाले. ती हसू लागली. तिच्या घरी म्हणे लग्नात हाच मासा सजवून पाठवतात.

मुलीचे खरे होते. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. दक्षिणेतल्या नद्या-तळ्यांत माणसाने त्यांना आणून सोडले. आणि ते बंद तळ्यात आपणहून वीत नाहीत, म्हणून पूर्वी पुराच्या वेळी नदीतून त्यांचे बीज गोळा करावे लागे. 1957 च्या जुलैत ओडिशात हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना हवे तेव्हा अंडी घालायला लावले. मग देशभरच्या धरणांत त्यांचे बोटुकले सोडणे सोपे झाले. म्हणजे ज्याला मी नाइलाजाने गावचा मासा म्हणून वाढत होतो तोही प्रवासीच होता. काकूंनंतर तासाभरात त्या मुलीने पदर खोचून परातीपाशी ठाण मांडले आणि मोहरी वाटून रोहू कसा करतात ते हातवारे करून काकूंना सांगितले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुसऱ्या दिवशी बसगाड्या सुटेपर्यंत त्यांचे बोलणे चालले होते.

सुकटीची चटणी पहिल्या फेरीतच संपली. समितीचे ते सभासद, ज्यांना गरिबीच्या जेवणाची लाज वाटत होती, ते तीनदा मागून घेताना मी पाहिले. वीस किलो सुरमईचे पैसे आम्ही सर्वांनी मिळून भरले. ती कटकट पुढे दोन महिने पुरली.

आता समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. 2025 च्या जूनमध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. रात्री निघालेली मासळी सकाळी इकडे पोचू शकते, आणि बर्फ पुरेसा घातला तर डोळ्यांत चमक घेऊनच पोचते. काकूंना हे पाहायला मिळाले नाही. पत्र्याचा डबा अजून माझ्याकडे आहे. पण त्या रात्रीपासून तो माळ्यावर गेला नव्हता. काकू असेतो तो स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी राहिला.

पंगती उठल्यावर रात्री साडेअकराला काकू, ती सुकटवाली बाई आणि भोई मामा असे तिघे अंगणात उरलेसुरले घेऊन जेवायला बसले. मामांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. सोडे चावता चावता त्यांनी विचारले, “काकू, समुद्राला म्हणे पलीकडचा काठ नसतो?”

“असता. पण दिसणा नाय.”

मामा बराच वेळ विचार करीत राहिले.

“मग जाळे टाकायचे कोणत्या बाजूने?”

काकूंना ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेलो, तरी त्यांचे हसणे ऐकू येत होते.